आयनीभवन ऊर्जेचा आलेख मधेच का खचतो?

इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये अकरावीच्या मुलांना आवर्तसारणीवर दोन बाण काढून देतात. डावीकडून उजवीकडे गेलं की आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, वाढते, वरून खाली आलं की घटते. आपल्या मराठी घरांतली मुलंही हे घोकून येतात, आणि बेरिलियमपेक्षा बोरॉनची ऊर्जा कमी का, असं विचारलं की अडतात. बाण चुकीचे नाहीत. पण ते मोजमापांवरून काढलेले आहेत, आणि त्या मोजमापांचा इतिहास कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडली ती अणुभार आणि रासायनिक गुणधर्मांवरून. आपलं होळकर कॉलेज १८९१ साली सुरू झालं, तेव्हाही इलेक्ट्रॉनचा शोध लागलेला नव्हता; तो १८९७चा. त्यामुळे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, हा प्रश्नच विसाव्या शतकातला.

१९१४ साली फ्रांक आणि हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. व्होल्टेज वाढवावं तसा प्रवाह वाढायचा, आणि ४.९ व्होल्टच्या आसपास एकदम खाली यायचा. पुन्हा चढायचा, आणखी ४.९ व्होल्टनंतर पुन्हा पडायचा. पाऱ्याचं आयनीभवन इथेच होतं, असं त्यांनी मानलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक ऊर्जापातळ्या मांडणाऱ्या नील्स बोरचं म्हणणं वेगळं होतं: इलेक्ट्रॉन अणूबाहेर गेलेला नाही, तो फक्त वरच्या पातळीवर चढलाय. बोर बरोबर ठरला. पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा १०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.

नेमके आकडे मिळाले ते मुख्यतः अणूंच्या प्रकाशाच्या वर्णपटातून. एका मालिकेतल्या रेषा एका टोकाकडे दाटत जातात, आणि त्या टोकाच्या ऊर्जेवरून इलेक्ट्रॉन सुटायला किती ऊर्जा लागते ते कळतं. असेच आकडे घेऊन मेघनाद साहांनी १९२० साली तापमान, दाब आणि आयनीभवन यांचं समीकरण मांडलं. ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे का दिसतात, ते त्यातून उलगडलं.

आता दुसऱ्या आवर्ताचे, म्हणजे सारणीतल्या दुसऱ्या आडव्या ओळीचे, आकडे पाहा, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये: लिथियम ५.३९, बेरिलियम ९.३२, बोरॉन ८.३०, कार्बन ११.२६, नायट्रोजन १४.५३, ऑक्सिजन १३.६२, फ्लुओरिन १७.४२, निऑन २१.५६. आलेख दोनदा खचतो. अणूत इलेक्ट्रॉन कसे भरतात याचे पाउली आणि हुंड यांचे नियम १९२५च्या सुमारास आले, आणि दोन्ही ठिकाणांचा अर्थ लागला. इलेक्ट्रॉनांच्या कवचात 'एस', 'पी', 'डी' असे उपकवचांचे कप्पे असतात; बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन 'पी' उपकवचात बसतो. ते 'एस'पेक्षा वरच्या ऊर्जेचं, शिवाय आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत कमी पोचते. ऑक्सिजनमध्ये चौथा 'पी' इलेक्ट्रॉन आधीच्या एकाशी जोडी करतो. त्यांच्यातल्या प्रतिकर्षणामुळे तो सुटायला सोपा.

रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटने १९६२ साली अशाच दोन आकड्यांवर बाजी लावली. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतं, हे त्याला आढळलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूचा आकडा १२.०७, झेनॉनचा १२.१३. मग झेनॉन का नाही? त्याने करून पाहिलं, आणि निष्क्रिय म्हणवणाऱ्या वायूचं संयुग तयार झालं.

वरून खाली येणारा बाणही सरळ नाही. ॲल्युमिनियम ५.९९, त्याखालचं गॅलियम ६.००: मधल्या 'डी' इलेक्ट्रॉनांना केंद्रकाची ओढ नीट अडवता येत नाही. सीझियमच्या ३.८९ खाली फ्रान्सियम ४.०७ आहे, कारण इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनचा वेग सापेक्षता सिद्धांत लावावा लागेल इतका वाढलेला असतो, आणि त्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकाला जास्त घट्ट बांधला जातो.