एकात्मिक प्राथमिक आरोग्यसेवा (गोवा)

एकाहून अधिक जुनाट आजार आणि त्यांच्या जोडीला गरिबी, एकटेपणा, व्यसन किंवा मनाचा त्रास असलेल्या रुग्णाची घराजवळच्या आरोग्य केंद्रातून घेतली जाणारी सलग काळजी. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता एकच नोंद पाहून काम करतात. पाठपुरावा ठरावीक एका व्यक्तीकडे असतो. आरोग्याला समाजकल्याणाची जोड हवी, ही भूमिका १९७८ च्या आल्मा-आता घोषणापत्रात होतीच.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळनंतर गोव्यात सर्वाधिक, सुमारे ११ टक्के होते. अनेक घरांतली मुले परदेशी असतात. सत्तरीतल्या एखाद्या मधुमेही आजींना रक्तदाबाची गोळी गावच्या केंद्रात मिळते. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी मात्र बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) जावे लागते. झोप उडाली, जेवण तुटले, तर मानसोपचार संस्थेची वेगळी खेप. वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज आणखी तिसऱ्याच खात्यात. प्रत्येक ठिकाणी सोबतीला माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. औषधे फुकट असूनही उपचार सुटतात ते इथे. २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा, म्हणजे राज्याच्या आरोग्यविम्याचा, भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. हे तुटलेले धागे जोडण्याचे काम विम्याच्या आवाक्यातले नाही.

हे काम कोण करू शकतो, या प्रश्नाचे जगाला उपयोगी पडलेले उत्तर गोव्यातच मिळाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने ‘मानस’ प्रकल्पात वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांना सरकारी प्राथमिक केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत बसवले. आधी समुपदेशकाने रुग्णाशी बोलायचे, गरज भासल्यास केंद्राच्या डॉक्टरने औषध द्यायचे, अवघड रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाने पाहायचा, अशी पायऱ्यांची रचना होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत नैराश्य व चिंतेतून बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. गर्दीच्या सरकारी ओपीडीत डॉक्टरला जो वेळ देता येत नाही, तोच इथे समुपदेशकाने दिला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे तीव्र नैराश्य आणि पुरुषांचे घातक मद्यपान यांवरच्या अल्प समुपदेशन पद्धतीही इथल्या प्राथमिक केंद्रांत तपासून झाल्या. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी केलेल्या घरभेटींच्या प्रयोगात काळजी वाहणाऱ्या नातलगांचा मानसिक ताण हलका झाला. या निष्कर्षाकडे दुर्लक्ष होते, हे खेदाचे आहे, कारण घरची सून किंवा लेक कोलमडली की रुग्णाची सेवाही संपते.

मर्यादाही जाणाव्यात. अमेरिकेतील कॅम्डेन शहरात वारंवार रुग्णालयात येणाऱ्यांना सेवांपर्यंत नेणारे सोबती देण्याचा असाच उपक्रम गाजला, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुन्हा भरती होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. नुसता सोबती देऊन भागत नाही. तो ज्या सेवांपर्यंत नेणार, त्या जागेवर असाव्या लागतात.

देशभर दारोदार जाणाऱ्या आशा कार्यकर्त्यांची योजना गोव्यात राबवलेली नाही. घरभेटीचा भार त्यामुळे उपकेंद्राच्या परिचारिका आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांवर पडतो. लसीकरण, प्रसूती, हिवताप यांची कामे त्यांच्याकडे आधीच आहेत. संशोधन प्रकल्प संपल्यावरही समुपदेशक टिकायचा, तर आरोग्य खात्यात त्याचे कायम पद हवे.