टॅक्सी-भाडेनियमन

टॅक्सी-भाडेनियमन : भाड्याच्या प्रवासी वाहनांचे परवाने, त्यांची संख्या, चालकाची पात्रता आणि प्रवाशाकडून घ्यावयाचे भाडे यांवरील सरकारी नियंत्रण. रस्त्यात हात करून गाडी थांबवणाऱ्या प्रवाशाला दरांची तुलना करायला सवड नसते आणि तोच चालक पुन्हा भेटण्याची शक्यताही कमी असते. त्यामुळे या व्यवसायात केवळ स्पर्धेने दर आटोक्यात राहत नाहीत, हे नियमनाचे मुख्य समर्थन होय.

आरंभीच्या नियमनाचा रोख मात्र भाड्यापेक्षा गर्दीवर होता. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६३५ मध्ये काढलेल्या फर्मानाने लंडनमधील भाड्याच्या घोडागाड्यांवर निर्बंध घातले. १६५४ च्या अध्यादेशाने गाडीवाल्यांची संख्या २०० वर मर्यादित केली, तर १६६२ मध्ये परवान्यांची मर्यादा ४०० झाली. चालकांसाठीच्या ‘नॉलेज’ या परीक्षेचा उगम काही लेखक १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळच्या तक्रारींशी जोडतात. तथापि ती रूढ होण्याचे वर्ष सामान्यतः १८६५ धरले जाते. मध्य लंडनमधील चेअरिंग क्रॉस या चौकाभोवतीच्या सहा मैलांच्या परिसरातील रस्ते उमेदवाराला तोंडपाठ असावे लागतात.

दरपत्रके छापली, तरी अंतर किती झाले यावरचे तंटे मिटत नव्हते. ते मिटवणारे यंत्र म्हणजे टॅक्सीमीटर. त्याच्या आधुनिक रूपाचे श्रेय साधारणपणे फ्रीड्रिख व्हिल्हेल्म गुस्टाव्ह ब्रून (१८९१) या जर्मन संशोधकाला दिले जाते. रोमन स्थापत्यकार व्हित्रूव्हिअस याने वर्णिलेल्या गाडीत दर मैलाला एक खडा पेटीत पडे. तिला टॅक्सीमीटरची पूर्वज म्हणण्याचा प्रघात आहे, पण ती केवळ अंतर मोजत असे, भाडे नव्हे. ‘टॅक्सी’ हे नाव या मीटरवरूनच आले. थुर्न उंड टाक्सिस या टपालवाहक घराण्याशी त्याचा लावला जाणारा संबंध लोकव्युत्पत्तीपलीकडे जात नाही. ग्रीक ‘टाक्सिस’ (मांडणी, दरठरावणी) हे मूळ मानणारा एक पक्ष आहे. परंतु जर्मन ‘टाक्सामेटर’ या जुन्या रूपातील ‘आ’ स्वर पाहता मध्ययुगीन लॅटिन ‘टाक्सा’ (आकार, कर) पासूनची व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते. फ्रेंच ‘टाक्सीमेत्र’ या रूपातील ‘इ’ हा ग्रीकच्या प्रभावाने मागाहून आलेला दिसतो.

मीटरच्या भाड्याचे तीन घटक असतात : आरंभीचे किमान भाडे, अंतराचा दर आणि वेळेचा, म्हणजे वेटिंगचा, दर. शेवटचे दोन एकाच वेळी लावायचे नसतील, तर एका ठरावीक वेगाखाली मीटर वेळ मोजते आणि त्यावर अंतर. हा संधिवेग म्हणजे तासाचा दर भागिले किलोमीटरचा दर. समजा, किलोमीटरला १५ आणि मिनिटाला ३ एकके आकारायची आहेत. तर तासाची १८० एकके होतात आणि संधिवेग ताशी १२ किमी. येतो. मीटर चाकाचे फेरे मोजत असल्यास टायर झिजल्यावर चाकाचा परीघ घटतो, तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि परीघात २ टक्के घट झाली की अंतराचे भाडेही जवळपास तेवढेच फुगते. इथे चालकाचा हेतू वाईट असावा लागत नाही. म्हणून मोजलेल्या अंतरावर किंवा चाकांखालच्या फिरत्या रोलरवर गाडी चालवून मीटर तपासतात व त्याला सील ठोकतात. लंडनमध्ये मोटार-टॅक्सींना मीटर १९०७ मध्ये सक्तीचे झाले.

संख्यामर्यादेचे परिणाम न्यूयॉर्कमध्ये ठळकपणे दिसले. टॅक्सी-परवान्यांची संख्या मर्यादित करणाऱ्या १९३७ च्या हास कायद्यानंतर परवान्याची मुद्रा (मेडॅलियन) हीच खरेदी-विक्रीची मालमत्ता झाली. २०१४ च्या सुमारास तिची किंमत दहा लाख डॉलरांवर गेली आणि पुढील काही वर्षांत कोसळली. न्यूझीलंडने १९८९ मध्ये, स्वीडनने १९९० मध्ये आणि आयर्लंडने २००० मध्ये संख्येवरील बंधने उठवली. आयर्लंडने कमाल भाडे ठरवण्याचा अधिकार राखून ठेवला. स्वीडनने भाडेही मोकळे सोडले. तेथे पुढे १० किमी. व १५ मिनिटांच्या नमुना-प्रवासाची तुलनात्मक किंमत गाडीवर लावण्याचा नियम आला. संख्या मोकळी केली तरी दर प्रवाशाच्या नजरेस पडेल अशी सोय वेगळी करावी लागते, हे त्यातून सूचित होते.

ॲपवरून मागवण्याच्या गाड्यांनी जुनी वर्गवारी अडचणीत आणली. उबर ही केवळ मध्यस्थ नसून वाहतूकसेवा आहे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी दिला. त्यामुळे तिच्या नियमनाचे अधिकार सदस्य देशांकडे राहिले. लंडनमधील खाजगी भाड्याच्या गाड्यांना टॅक्सीमीटर बसवण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे चालकाचा मोबाइल हाच मीटर ठरतो काय, असा प्रश्न तेथील उच्च न्यायालयापुढे आला होता. मोबाइल केवळ स्थान व वेळेची माहिती पाठवतो आणि भाड्याचा हिशेब गाडीबाहेरच्या सर्व्हरवर होतो, या कारणास्तव तो मीटर नव्हे, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये ठरवले.