भुकटी केली म्हणून वायू जास्त येत नाही

तिसऱ्यांचं सुकं झालं की ताटाच्या कडेला जमलेल्या शिंपल्या परसातल्या माडाच्या आळ्यात जातात. त्यातल्या मूठभर बाजूला काढाव्यात. व्हिनेगरची बाटली आणि 0.01 ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा मिळाला, तर अणूपासून अभिक्रियेच्या दरापर्यंतचा बराच अभ्यास त्यांच्यावर होतो.

शिंपली म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. कॅल्शिअमच्या अणूत 20 इलेक्ट्रॉन, संरूपण 2, 8, 8, 2. शेवटच्या कक्षेतले दोन गेले की आतलं आठांचं कवच उरतं. म्हणून कॅल्शिअम नेहमी दोन धनप्रभारांचा आयन होतो, आणि दोन ऋणप्रभारांच्या कार्बोनेटशी त्याची एकास एक जोडी जमते. आम्ल पडल्यावर फसफसतं ते कार्बोनेट. आम्लातले हायड्रोजन आयन त्याला चिकटतात आणि त्याचं पाणी व कार्बन डायऑक्साइड होतं. कॅल्शिअमचा आयन आहे तसाच द्रावणात उतरतो. त्याच्या अंगाला काहीच लागत नाही.

आता अणूंच्या वजनांचा हिशेब. कॅल्शिअम 40, कार्बन 12, ऑक्सिजन तीन वेळा 16, बेरीज 100. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड 44. म्हणजे 1 ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमागे 0.44 ग्रॅम वायू. शिंपलीत थरांच्या मध्ये थोडं प्रथिन असतं, त्यामुळे प्रत्यक्षात किंचित कमी. लेबलवर 4 टक्के लिहिलेलं व्हिनेगर 1 ग्रॅमसाठी 30 मिली लागतं. तेवढंच घेतलं तर शेवटचा अंश विरघळायला फार वेळ जातो, म्हणून 50 मिली घ्यावं.

शिंपल्या उकळून, ब्रशने घासून, उन्हात कडक वाळवाव्यात. तिसरीच्या पाठीवर चकचकीत पापुद्रा असतो. तो राहिला तर आम्ल आत शिरत नाही, बुडबुडे फक्त आतल्या पांढऱ्या बाजूने येतात आणि व्हिनेगरच कमी दर्जाचं आहे असं वाटतं. दगडावर घासून पापुद्रा काढावा. मग 1 ग्रॅमचे मोठे तुकडे एका चंचुपात्रात, खलबत्त्यात कुटून बारीक केलेली 1 ग्रॅम भुकटी दुसऱ्यात. पात्र काट्यावर ठेवून व्हिनेगर ओतायचं आणि दर 30 सेकंदांनी वजन टिपायचं. तोंडावर कापसाचा सैल बोळा हवा, नाहीतर बुडबुड्यांबरोबर उडणारे तुषारही वजनातून वजा होतात. भुकटी एकदम फेसाळते, म्हणून पात्र 250 मिलीचं.

भुकटीचा आलेख सरळ खाली कोसळतो, तुकड्यांचा रेंगाळत उतरतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे मिलिमीटरचे हजार घन केले की तेच 60 होतं. आम्लाला भेटायला दहापट जागा. पण वाट पाहिली तर दोन्ही आलेख एकाच आकड्यावर टेकतात, आणि परीक्षेत नेमकं इथेच चुकतं. ‘भुकटी केल्यास वायू जास्त मिळतो’ असं बिनधास्त लिहिलं जातं. किती मिळणार हे कणांची संख्या ठरवते, किती लवकर मिळणार हे त्यांची गाठ कशी पडते यावर.

वजनातली घट हिशेबापेक्षा कमी भरली तर घाबरू नये. थोडा वायू द्रावणात विरघळून राहतो, थोडा पात्राच्या रिकाम्या भागात साचतो. तो हवेपेक्षा जड आहे, आपणहून पटकन बाहेर पडत नाही. काचकांडीने हलकं ढवळलं की सुटतो. ढवळल्याने अभिक्रियाही वेग घेते, कारण शिंपलीला लगटून असलेला वापरला गेलेला थर हलतो आणि ताजं आम्ल पुढे येतं. त्यामुळे दोन पात्रांची तुलना करायची तर दोन्ही सारखीच ढवळावीत.

तापमानाचा प्रयोग जरा फसवा. ‘10 अंश वाढले की वेग दुप्पट’ हा ढोबळ नियम इथे बसेलच असं नाही. कण किती जोरात आदळतात याइतकंच ते शिंपलीपर्यंत किती लवकर पोचतात यावरही वेग अवलंबून असतो. शिवाय गरम व्हिनेगर स्वतःच उडून वजन घटवतं. म्हणून शिंपली न घातलेलं, तितकंच गरम व्हिनेगर शेजारी ठेवून त्याची घट वजा करावी.

घरात लिंबू आहे म्हणून ते वापरू नका. सायट्रिक आम्लाचं कॅल्शिअम सायट्रेट होतं, ते पाण्यात नीट विरघळत नाही, शिंपलीवर साका धरतं आणि फेस मध्येच मंदावतो. प्रयोगशाळेत संगमरवरावर सल्फ्युरिक आम्ल ओतलं की होतं तेच, फक्त थर कॅल्शिअम सल्फेटचा. हायड्रोक्लोरिक आम्ल चालतं, पण ते शिक्षकांच्या हातून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच.

व्हिनेगर दुर्बल आम्ल. 4 टक्के द्रावणात दर 200 रेणूंपैकी जेमतेम एकाने आपला हायड्रोजन आयन सोडलेला असतो. तरी एकूण वायू तेवढाच येतो, कारण एक आयन खर्ची पडला की दुसरा रेणू फुटतो. गाडी सावकाश चालते, पण पोचते.

शिंपल्या भाजून चुना करणारी भट्टी तोच वायू उष्णतेने काढते. सुमारे 900 अंशांना 100 किलो कार्बोनेटमधून 44 किलो वायू जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. पावसाळ्यात तो उघडा राहिला तर हवेतलं पाणी ओढून फुटतो आणि त्याची फक्की होते. लवकर भाजावं म्हणून शिंपल्यांची भुकटी करून मात्र कोणी भट्टी भरत नाही. अख्ख्या शिंपल्यांमधल्या फटींतून हवा वर खेचली जाते. भुकटी भरली की फटी बुजतात आणि विस्तव गुदमरतो.