शाळेत नाव नाही, म्हणून क्लबातही नाही?

"घरी शिकणाऱ्या मुलांना क्लब, शिबिरं बंदच, शाळेचा दाखला लागतो," हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी पालक साधी चौकशीही करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकेतला फोर-एच हा मुलांचा, तरुणांचा क्लब घ्या. तिथे मूल एखादा प्रकल्प हाती घेतं. कोंबड्या पाळायच्या, खाद्याचा हिशेब ठेवायचा, नोंदी करायच्या आणि शेवटी जत्रेत परीक्षकांसमोर उभं राहून सगळं सांगायचं. गणित, जीवशास्त्र, चारचौघांत बोलण्याचा धीटपणा त्यातच येतो. शाळेत नाव असण्याची अट नाही. उलट केवळ घरी शिकणाऱ्यांचे फोर-एच गटही आहेत. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावरच्या बेडन-पॉवेल यांच्या शिबिरातून रुजलेल्या स्काउटिंगची पथकंही अनेक देशांत वस्तीपातळीवर चालतात. ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार या तरुणांसाठीच्या उपक्रमात सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवास असतो. वयोगट १४ ते २४.

शाळेच्या संघातून खेळण्याचे नियम मात्र ठिकाणागणिक वेगळे. तिथे आधी विचारून घ्या.