दांडा, पाचर आणि नेढे

पुण्याच्या पेठांमधला एखादा जुना वाडा पाडायला काढला, की दारात लाकूडवाल्याचा टेम्पो लागतो. खाली उतरवलेल्या तुळईची दर्शनी बाजू रंधा मारून गुळगुळीत केलेली असते. भिंतीत दडलेल्या बाजूवर मात्र अनेकदा खवल्यांसारखे उथळ घाव दिसतात. गोल ओंडका तासून चौकोनी केल्याच्या त्या खुणा. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला, वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून आले. वाड्याचा लाकडी भाग १८२८ च्या आगीत गेला, त्यामुळे घाव पाहायचे तर इतर वाड्यांकडेच वळावे लागते.

युरोपात हे काम रुंद पात्याच्या, एकाच बाजूने धार लावलेल्या कुऱ्हाडीने करत. पात्याची सपाट बाजू लाकडाला घासून चालते, म्हणून दांडा सरळ ठेवला तर बोटांची सालटी निघतात. त्यावर उपाय म्हणून दांडा बाहेरच्या अंगाला वाकवत. डावखुऱ्याचा उजव्याला चालत नसे. आपल्या सुताराकडे वाकस होता. त्याचे पाते दांड्याला आडवे असते, त्यामुळे बोटे आपोआपच लाकडापासून दूर राहतात. अडचण येते ती पाते आणि दांडा यांच्यातल्या कोनाची. कोन जास्त उघडा राहिला तर वाकस लाकडावरून घसरतो, जास्त मिटला तर आत रुततो.

पण दांड्याचा खरा इतिहास आहे तो लाकूड आणि धातू एकमेकांना धरतात कसे, याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले; तिथल्या तांब्याच्या कुऱ्हाडी म्हणजे सपाट, आयताकृती पाती. त्यांना भोक नाही. असे पाते दांड्याच्या खाचेत बसवून बांधावे लागते आणि प्रत्येक घावागणिक ते मागे सरकून दांडाच चिरते. घोडनदीकाठच्या इनामगावात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकरी राहिले, आणि तिथेही तांबे दुर्मीळच. विदर्भातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या, दफनांमध्ये लोखंडाच्या सपाट कुऱ्हाडी मिळतात. त्यांच्यावरून आडव्या लोखंडी पट्ट्या घेऊन पाते दांड्याशी जखडलेले असते. दांडा चिरण्यावर शोधलेला हा उपाय मला फार आवडतो. माणूस दुखण्याच्या मुळाशी पोचला आहे, फक्त भोक अजून पाडलेले नाही.

पश्चिम आशियात दांड्यासाठी भोक असलेल्या कुऱ्हाडी तांब्याच्या काळातच होत्या. मोहेंजोदडोला तशी एक मिळाली, पण सिंधू संस्कृतीचे लोक सपाट पात्यांवरच राहिले. लोखंडाच्या पट्टीला तापवून वळसा दिला, टोके घणाने एकजीव केली, की भोक तयार. या भोकाला नेढे म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या आरपार भगदाडालाही तेच नाव आहे. नेढे आले आणि घावाचा जोर दांडा फाडण्याऐवजी नेढ्याच्या लोखंडी कड्यावर गेला.

आता प्रश्न उरला लाकडाचा. सागवान तुळईला राजा, दांड्याला नालायक, हादऱ्याने तडकते. दांड्याला बाभूळ घेतात, मिळाली तर धामण, कारण ती लवते आणि मोडत नाही. तेव्हा ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ हा आरोप निदान सागावर तरी लागत नाही. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीतून सलग जायला हव्यात. मध्येच बाजूला निघाल्या तर दांडा तिथेच मोडणार.

बसवायच्या रीती दोन. टिकावासारखा, डोक्याकडे जाड होत गेलेला दांडा वरून ओवायचा, म्हणजे फिरवताना पाते आपोआप आवळत जाते. नाहीतर खालून घालून वरच्या चिरेत पाचर ठोकायची. एरवी पाचर मारणे म्हणजे काम अडवणे. इथे तिच्यावाचून काम होत नाही.

लाकूड मात्र वाळलेले हवे. ओले बसवले तर वाळताना आकसते आणि पाते हलू लागते. मग बरेच जण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगते, पण लोखंड त्याला पसरू देत नाही, कडेचे तंतू चेपतात. वाळल्यावर तोच दांडा आदल्या दिवसापेक्षा ढिला.