सॉर्बिटॉल

सॉर्बिटॉल हे शर्करा-अल्कोहॉल (पॉलिओल) वर्गातले गोड संयुग आहे. सहा कार्बनांची साखळी आणि प्रत्येक कार्बनावर एक हायड्रॉक्सिल गट, अशी त्याची रचना असते. वर्गाच्या नावात अल्कोहॉल असले तरी त्याने नशा येत नाही. गोडी साखरेच्या साधारण ६० टक्के. साखरेच्या एका ग्रॅमातून ४ किलोकॅलरी मिळतात, तर याच्या सुमारे २.६. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ते ‘४२०’ या क्रमांकानेही येते.

१८७२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी रोवान वृक्षाच्या फळांतून ते वेगळे काढले. सॉर्बस या त्या वृक्षाच्या प्रजातीवरून नाव पडले. सफरचंद, नाशपाती, आलुबुखार यांत ते निसर्गतःच असते. या कुळातली झाडे पानांत तयार झालेले अन्न बऱ्याच अंशी सॉर्बिटॉलच्या रूपात फळांकडे धाडतात. कारखान्यात मात्र मका किंवा गव्हाच्या स्टार्चपासून ग्लुकोज करतात आणि निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचा उच्च दाबाखाली हायड्रोजनशी संयोग घडवतात. क जीवनसत्त्वाच्या औद्योगिक उत्पादनातही सॉर्बिटॉल हाच मधला टप्पा असतो.

गोडीसाठी ओळखले जात असले, तरी त्याचा खरा गुण पाणी धरून ठेवण्याचा. टूथपेस्टच्या नळीवरची घटकांची यादी वाचली, तर सॉर्बिटॉल बहुधा पहिल्या काही नावांतच सापडते. तिथे गोडी हा जोडधंदा. मुख्य काम पेस्ट सुकू न देण्याचे. साखरेच्या पाकातल्या खोकल्याच्या औषधाचे झाकण काही दिवसांनी खडे जमून घट्ट बसते. पाकात सॉर्बिटॉल मिसळले की हे खडे सहसा धरत नाहीत. केक त्याने मऊ राहतो, पण भाजताना साखरेसारखा तांबूस रंग येत नाही, कारण त्यात मोकळा अल्डिहाइड गट, म्हणजे पिठातल्या प्रथिनांशी संयोग होऊन हा रंग आणणारा अणूंचा गट, नसतो.

च्युइंग गममध्ये ते विरघळताना उष्णता शोषते, म्हणून जीभ गार पडते. तोंडातले जीवाणू त्यापासून आम्ल फार सावकाश करतात. त्यामुळे दात किडण्याचा धोका साखरेपेक्षा कमी.

पोटात गेल्यावर हाच पाणी धरण्याचा गुण आडवा येतो. लहान आतड्यात ते अर्धवटच शोषले जाते. उरलेले आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवून वायू करतात. परिणामी पोट फुगते, जास्त खाल्ले तर जुलाब. रेचक म्हणून ते मुद्दाम दिलेही जाते. युरोपीय संघात पदार्थात पॉलिओल १० टक्क्यांहून अधिक असतील, तर अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापावी लागते.

शोषलेल्या भागाचे यकृतात फ्रुक्टोज होते. रक्तशर्करा त्याने हळू वाढते. पण ‘शुगर-फ्री’ बिस्किटातला पिठाचा स्टार्च तसाच असतो, हे मधुमेहींच्या ध्यानात सहसा येत नाही. जन्मजात फ्रुक्टोज असह्यता (शरीराला फ्रुक्टोज नीट वापरता न येण्याचा विकार) असलेल्यांना मात्र सॉर्बिटॉल घातक ठरू शकते.

शरीर स्वतःही सॉर्बिटॉल तयार करते. मधुमेहात डोळ्याच्या भिंगात ग्लुकोज वाढले की त्यातल्या काहीचे सॉर्बिटॉल होते. ते पेशीबाहेर सहज पडत नाही, तिथेच साचून पाणी ओढते. मधुमेहींच्या मोतीबिंदूचे हे एक कारण मानले जाते. खाण्यातल्या सॉर्बिटॉलचा त्याच्याशी संबंध नाही.