वृद्धापकाळातील बौद्धिक ऱ्हासाची लवकर ओळख

स्मरण, भाषा, हिशेब, दिशाभान आणि निर्णयशक्ती यांत त्या व्यक्तीच्याच पूर्वीच्या पातळीपेक्षा झालेली आणि महिनोन्‌महिने टिकून राहिलेली घट, शक्यतो स्मृतिभ्रंश बळावण्याआधी, हेरण्याच्या प्रक्रियेला बौद्धिक ऱ्हासाची लवकर ओळख म्हणतात. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि थोड्या वेळाने आठवणे वयाला धरूनच असते. मात्र तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारला जाऊ लागला, तर त्याची दखल घ्यावी लागते.

मराठवाड्याच्या खेड्यांत हा बदल पुष्कळदा रोजच्या कामात आधी दिसतो. जन्मभर तोंडी हिशेब करणारा शेतकरी आडतीवर तुरीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घेताना गोंधळतो, कालवणात मीठ दोनदा पडते, आठवडी बाजारातून परतताना ओळखीचा फाटा चुकतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हे सोडून देणे हा निदानातला मोठा अडथळा आहे.

१९७५ची ‘एमएमएसई’ (मिनी-मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन) आणि २००५ची ‘मोका’ (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या स्मरण आणि विचारशक्ती जोखणाऱ्या प्रचलित चाचण्या प्रत्येकी ३० गुणांच्या आहेत. त्यांत लेखन, आकृत्या आणि वजाबाकी असल्याने शाळेची पायरी न चढलेल्या आजीला गुण कमी पडले, तरी तेवढ्यावरून तिची बुद्धी घटली असे ठरत नाही. ‘मोका’त १२ वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून देतात, निरक्षरांसाठी तो तुटपुंजाच आहे. म्हणून घरच्यांची साक्ष येथे विशेष मोलाची ठरते. ‘आयक्यूकोड’ ही प्रश्नावली तर जवळच्या माणसालाच विचारतात आणि दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत काय बदलले हे नोंदवतात.

बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसे राहतात, कित्येकदा नातवंडांना सांभाळत. पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, परतलेल्या सुनेला सासूतला जो फरक चटकन जाणवतो, तो रोज सोबत असणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेला असू शकतो. तिचे हे निरीक्षण डॉक्टरांनी आवर्जून टिपून घ्यावे.

घट आढळली म्हणजे अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजारच, असे नाही. ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो. ऐकू कमी येणाऱ्याचे उत्तर चुकले, तर तो दोष स्मरणाचा नसतोही. त्यामुळे रक्ततपासणी आणि कान-डोळ्यांची तपासणी निदानाआधीच व्हायला हवी. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवलेली भ्रमिष्टावस्था निराळी असते. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्याने किंवा जंतुसंसर्गानेही ती येते आणि अशा वेळी रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते.